आधी स्लॅब, मग टन

घराला सेंट्रल एसी बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा?" आणि लगेच दुसरा, "कुठल्या कंपनीचा?" सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या घराचं काम निघाल्यापासून पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी, दुकानदारांनी हेच दोन प्रश्न विचारले. माझं मत आता पक्कं झालं आहे की हे दोन्ही प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवेत. त्याआधी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. ऊन घरात शिरतं कुठून, आणि गारवा कुणाला हवा, कुठल्या खोलीत, किती वाजता. ही उत्तरं हातात नसताना घेतलेलं मशीन महागात पडतं, घेतानाही आणि नंतर दर महिन्याच्या बिलातही.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला त्याला तो सांगायला नको. संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की थंडी पाठ फिरवते, होळीला पंखा पाचवर जातो आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला पोचला तर कुणी भुवईही उचलत नाही. दुपार कशीबशी निभावता येते. खिडकीला ओली चादर लावायची, फरशीवर पाणी मारायचं, पडून राहायचं. खरी परीक्षा रात्रीची असते. बाहेर अकरा वाजता वाऱ्याची झुळूक सुटलेली असते आणि आत वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला तळहात टेकवला तर चटका बसत नाही इतकंच. हात फार वेळ ठेववत नाही. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्री खोलीत ओतत असतो. पंखा तीच हवा खाली ढकलतो.

आमची आई पंचाहत्तरी ओलांडलेली, बीपीच्या गोळ्या चालू. गेल्या उन्हाळ्यात ती रात्र रात्र उठून बसायची. मोठ्या वयात शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवण्यात कमी पडतं, त्यात रात्रीही विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. म्हणून एसीला चैन म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून, गाद्या टाकून सगळं घर वर झोपायचं. आईला आता जिना चढवत नाही, आणि चढली तरी रस्त्याची धूळ आणि डास झोपू देत नाहीत.

आजोळचं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया, किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही त्या घरात दुपारी डोळा लागायचा. माती उष्णता आत येऊ द्यायला इतका वेळ घ्यायची की तोवर संध्याकाळ व्हायची. आम्ही ती घरं पाडली आणि पाच इंची आरसीसी स्लॅब घातले. पक्कं घर मिळालं, गळती थांबली, हे खरंच आहे. पण उन्हाच्या बाबतीत त्या मातीच्या थराची जागा कुणीच घेतली नाही, रिकामीच राहिली.

ती जागा किती महाग पडते हे आकड्यांत बघू. एक टन एसी म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकणारं मशीन. मे महिन्याच्या दुपारी उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. अशा हजार चौरस फुटांच्या स्लॅबमधून संध्याकाळपर्यंत खाली येणारी उष्णता उपसायला दोन टनांच्या आसपास मशीन नुसतं छतासाठी राबतं. माणसं, भिंती, काचा यांचा हिशोब त्यानंतर सुरू होतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छताचं यू-मूल्य जास्तीत जास्त 1.2 असावं असं म्हटलं आहे. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. आपला नुसता स्लॅब तीनच्या आसपास असतो. त्यावर दोन इंची एक्सपीएस किंवा पफचे, म्हणजे कडक फोमचे, शीट घातले की तो 0.5 च्या आसपास येतो.

हे मला कुठल्या कागदाआधी आमच्या मिस्त्रींनी सांगितलं. एसीवाले माप घ्यायला येऊन गेले त्या दिवशी ते म्हणाले, "सर, घर तापतंय वरनं आन् तुम्ही गार करायलाय आतनं. आधी वरचं बघा की."

मग वरचं बघितलं. जुना कोबा उकरून वॉटरप्रूफिंग, त्यावर इन्सुलेशनचे शीट, त्यावर जाळी टाकून काँक्रीटचा पातळ थर, आणि सगळ्यात वर चायना मोझॅक. हे शेवटचं काम मी गच्चीवर बसून बघितलं. पांढऱ्या टाइल्सचे तुकडे घमेल्यातून काढायचे, तळव्यावर फिरवून कुठली बाजू कुठे बसेल ते नजरेनेच ठरवायचं, ओल्या मसाल्यात दाबायचं आणि वरून लाकडी थापीने हलके ठोके द्यायचे. काम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या. बोलणं चालू, हात चालू, आणि दोन तुकड्यांमधली फट कुठेही करंगळीच्या नखापेक्षा मोठी नाही. मग पांढरं सिमेंट पसरून फडक्याने पुसून घेतलं. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन आल्या वाटेने परत पाठवतो, उरलेलं खालचं शीट अडवतं. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी निदान उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुना किंवा परावर्तक पांढरा रंग मारावा. अहमदाबादने 2017 पासून हे शहर पातळीवर सुरू केलं, तेलंगणाने 2023 मध्ये त्याचं धोरणच केलं. सोलापूरही काही कमी तापत नाही.

पश्चिमेच्या खिडक्यांबद्दल एवढंच म्हणेन की पडदा आतून लावून भागत नाही. ऊन काचेतून आत आलं की आलंच. ते बाहेरच अडवायला छज्जा, बांबूची चिक, नाहीतर कडुनिंब लागतो.

छत झाल्यावर मशीनकडे वळलो. सेंट्रल या नावाखाली घरासाठी तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांची सरमिसळ फार होते.

पहिली डक्टेबल. एक मोठं इनडोअर छतात लपवायचं, पत्र्याच्या डक्टमधून गार हवा खोल्याखोल्यांत न्यायची. दिसायला देखणं, आवाज कमी, टनामागे किंमतही आवाक्यातली. पण आपल्या घरांत त्याच्या अडचणी आहेत. प्रत्येक खोलीला डॅम्पर (हवा कमीजास्त करायची झडप) आणि वेगळा थर्मोस्टॅट नसेल तर एकाला गार करायला सगळं घर गार करावं लागतं. डक्टसाठी पॅसेजची उंची फूटभर खाली येते. हवा परत यायला वाट लागते. दार लावून झोपायची सवय असेल तर दारात किंवा भिंतीत ग्रील ठेवावी लागते. फॉल्स सीलिंग नको म्हणून कुणी डक्ट गच्चीवरून नेतात, ते तर उन्हात पैसे वाळत घालण्यासारखं आहे. सांध्यांतून हवा गळते ती वेगळीच. अमेरिकेत, जिथे घरोघरी डक्ट आहेत, तिथे साधारण घरात 20 ते 30 टक्के हवा अशी वाटेतच गळते असं त्यांचंच सरकार सांगतं. आणि स्वयंपाकघर चुकूनही या फेऱ्यात घेऊ नये. शेंगाचटणीसाठी लाल तिखट कुटलं किंवा मिरचीची फोडणी दिली की ठसका थेट झोपायच्या खोलीत पोचतो.

दुसरी व्हीआरएफ. एक आउटडोअर, त्याला तांब्याच्या नळ्यांनी जोडलेले अनेक इनडोअर, प्रत्येकाचा रिमोट वेगळा. जेवढ्या खोल्या चालू तेवढाच गॅस फिरतो, कॉम्प्रेसर तेवढाच पळतो. हे तंत्र डायकिनने 1982 मध्ये जपानमध्ये आणलं, मोठ्या इमारतींसाठी. आता चार-पाच-सहा एचपीची घरगुती आवृत्ती मिळते. टनामागे ती साध्या स्प्लिटपेक्षा बरीच महाग. आउटडोअर बंद पडलं तर सगळं घर बंद. नळ्या लांब म्हणून गॅसही जास्त, आणि सांधा कच्चा राहिला तर गळती शोधताना पीओपी फोडावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे डक्टेबल एअर कूलर, आणि इथे मी बराच रेंगाळलो, कारण ती सोलापूरच्या हवेसाठीच केल्यासारखी वाटते. आपला उन्हाळा कोरडा. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर 24 च्या आसपास दाखवतो. चांगले पॅड असलेला कूलर त्या दिवशी 27-28 अंशांची हवा देतो, एसीच्या तुलनेत अगदी थोड्या विजेत. विशेष म्हणजे वातानुकूलनाचा इतिहास आपल्यासारख्या गिरणगावाशीच जोडलेला आहे. विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यातली दमट हवा कोरडी केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेत स्टुअर्ट क्रेमर हा अभियंता कापडगिरण्यांच्या हवेत पाणी मिसळत होता, सूत तुटू नये म्हणून. जुन्या गिरणीत घाम गाळलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना कताईखात्यातली ती ओलसर हवा सांगावी लागत नाही.

अडतं ते पाण्यापाशी. दोन-तीन खोल्यांसाठी तासाला पाच हजार घनमीटर हवा लागते असं धरलं, तर ती 14-15 अंशांनी उतरवायला तासाला 30 लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. दहा तास चालवला की तीनशे लिटर. ज्या शहरात उजनी धरण असूनही नळाला पाणी रोज येत नाही, बॅरल भरून ठेवायची सवय हाडांत मुरली आहे, तिथे हे पाणी हवेत सोडायला माझं मन धजावत नाही. बोअरचं पाणी घालावं तर क्षारांनी पॅड पांढरे होतात. आणि जून सरता सरता हवा दमट झाली की कूलर निकामी. ज्यांच्याकडे पाणी आहे, खिडक्या उघड्या ठेवता येतात, त्यांनी मात्र एसीच्या आधी याचाच विचार करावा. मी हा पर्याय पाण्यापायी सोडला, तो वाईट आहे म्हणून सोडला नाही.

उरला चौथा मार्ग, खोलीगणिक वेगळे इन्व्हर्टर स्प्लिट. बांधून झालेल्या घरात, दोन-तीन खोल्यांसाठी, याच्याइतकं स्वस्त आणि काटकसरीचं दुसरं काही नाही, असं मला सगळं बघून झाल्यावरही वाटतं. फक्त स्टार मोजून थांबू नये. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुलै 2022 मध्ये पाच स्टारसाठी आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात खर्चलेल्या विजेच्या किती पट गारवा मिळतो तो आकडा, 4.5 वरून 5 वर गेला. म्हणून लेबलवरचा आयएसईईआरचा आकडा वाचायचा, त्याखालचे वार्षिक युनिट वाचायचे. ते वर्षाला 1600 तास धरून काढलेले असतात. 2022 च्या निकषांत दीड टनाच्या पाच स्टारवर ते साडेसातशे-आठशेच्या घरात असायचे, तीन स्टारवर साडेनऊशे ते हजार. दोनशे युनिटांचा हा फरक छोटा वाटतो, पण महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि पुढे. दिवे, फ्रिज, मिक्सर खालचे टप्पे खाऊन बसलेले असतात. एसीचं युनिट नेमकं वरच्या, महाग टप्प्यात पडतं. वाचवलेलं प्रत्येक युनिट बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं.

आता आमच्या घरात काय ठरलं. दादाला डक्टेबल हवं होतं, आठ टन, सगळं घर एका बटणावर. विक्रेत्यांनीही तेवढंच सांगितलं होतं, चौरस फुटांना भागून. मी त्याला म्हटलं, दादा, आपण सगळे एका वेळी सगळ्या खोल्यांत नसतो. दिवसा हॉल आणि आईची खोली. रात्री दहानंतर हॉल रिकामा आणि बेडरूम भरलेल्या. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आईचं मशीन वेगळं ठेव. बाकी तू ठरव." ते फार शहाणपणाचं बोलणं होतं, कारण व्हीआरएफची मेख तिथेच आहे. चार टनांच्या आउटडोअरवर पाऊण टनाची एकच खोली तासन् तास चालवली तर कॉम्प्रेसर त्याच्या किमान वेगाखाली जाऊ शकत नाही, चालू-बंद होत राहतो आणि काटकसरीचा फायदा निघून जातो. आईची खोली दुपारी एकटीच चालते. तिथे स्वतंत्र एक टनाचा पाच स्टार इन्व्हर्टर लावला. कधी सेंट्रल बंद पडलंच तर निदान ती खोली गार राहील.

उरलेल्या घरासाठी पाच एचपीचं, म्हणजे 14 किलोवॅटचं, चार टनांचं व्हीआरएफ घेतलं. साडेतीनशे चौरस फुटांच्या हॉल-जेवणघराला 5.6 किलोवॅट, तीन बेडरूमला प्रत्येकी 2.8. आठ टनांवरून एकूण पाच टनांवर आलो, त्यात छताचा वाटा मोठा. खोलीगणिक उष्णतेचा हिशोब लेखी मागितल्याशिवाय कोटेशन घेतलं नाही. जो असा हिशोब देतो त्याच्याशीच पुढे बोलायचं. दुसरं विचारायचं ते हे की बाहेर 45 अंश असताना हे मशीन किती गारवा देतं. कागदावरची क्षमता बाहेर 35 अंश धरून दिलेली असते, आणि आपल्याकडे त्या दुपारी ती कमी भरते. म्हणून आउटडोअर उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, समोर मोकळी हवा ठेवून बसवलं.

कॉपरचं काम झालं त्या दिवशी गळती तपासायला नळ्यांत दाबाखाली नायट्रोजन भरला आणि गेजच्या काचेवर मार्करने काट्याची जागा खुणावली. पीओपीवाला घाई करत होता. त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काटा खुणेवरच होता, मगच व्हॅक्यूम, मगच गॅस, मगच छत बंद. एक दिवस थांबणं परवडतं, पुढे छत फोडणं परवडत नाही.

चालवण्याचं म्हणाल तर 26 वर ठेवून वर पंखा लावतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या नव्या एसीत कारखान्यातूनच 24 अंश ठरवून येतात. एका अंशाने वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरोच सांगतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तीस-पस्तीस वॅट खातो आणि दोन अंशांचं काम करतो. फिल्टर मात्र आम्ही दर पंधरवड्याला धुतो. आपली काळ्या मातीची धूळ आणि यंत्रमागाचा कापूस जाळीवर नुसता लेपच देतात.

गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत. फेब्रुवारी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे. दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात, आणि उन्हाचा जोर आणि दिवसाच्या एसीचा जोर एकाच वेळी येतो. पॅनल उंच सांगाड्यावर घेतले म्हणून त्यांच्याखालच्या स्लॅबला सावली मिळाली, हा फायदा कुणी विकताना सांगत नाही.

हे सगळं ज्याला करायचं असेल त्याने दिवाळीनंतर सुरू करून गड्ड्याच्या आत उरकावं. मार्च लागला की चांगले बसवणारे हाताला लागत नाहीत, आणि जे लागतात त्यांना नायट्रोजनचा काटा दिवसभर बघायला वेळ नसतो. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यातून वाचणारे पैसे मोठं मशीन घेण्यात न घालता गच्चीवर घालावेत, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

पुतणीची वरची खोली अजून रिकामी आहे, ती पुण्याला शिकते. तिथपर्यंत वाय-जॉइंटने फाटा काढून कॉपर आणि ड्रेनची लाइन भिंतीत घालून ठेवली आहे, कॉपरची तोंडं डाग देऊन बंद केली आहेत. 2.8 चं आणखी एक इनडोअर त्या आउटडोअरला सहज झेपतं. ती सुट्टीला आली की कुठल्या भिंतीला लावायचं ते तिलाच विचारू.